जुन्या मशीनवर विंडोज ९८ टाकताय आणि सेटअप अडकतोय? मग या क्रमाने करा

बहुतेक लोक काय करतात, माळ्यावरून जुनं मशीन काढतात, धूळ फुंकतात, सीडी घालतात आणि सेटअप चालू करतात. मग तो ४० टक्क्यांवर अडकला की विचारत बसतात की सीडी खराब आहे का. अरे बाबा, सीडी खराब असेलही, पण त्याआधी रॅम, केबल, सेल, जंपर (ड्राइव्हवरची छोटी टोपी), बायोस (बोर्डातली मूळ सेटिंग), पार्टिशन (डिस्कचे पाडलेले भाग) एवढी सगळी मंडळी रांगेत उभी आहेत, त्यांना कोणी विचारलंच नाही. ९८ चा सेटअप तसा साधा आहे, मशीन नीट असेल तर पाऊण-एक तासात डेस्कटॉप दिसतो. अडतं ते सेटअपच्या आधी केलेल्या किंवा न केलेल्या कामामुळे.

हे सगळं विंडोज ९८ सेकंड एडिशनबद्दल आहे, म्हणजे १९९९ वाली. पहिली ९८ असेल तर ठेवून द्या, यूएसबीचा ताप जास्त आणि २.१ गिगाहर्ट्झच्या वरच्या प्रोसेसरवर ती नेटवर्कच्या फाइलपाशी प्रोटेक्शन एरर देऊन बसते.

आणि एक, कमांड मी इथे देवनागरीत लिहिल्यात, मशीनवर अर्थातच इंग्रजीत टाइप करायच्या.

## १. आधी ठरवा, हे मशीन ९८ साठी आहे का

पेंटियम टू, थ्री, सेलेरॉन, एएमडी के६-२, सुरुवातीचे अ‍ॅथलॉन आणि पेंटियम फोर, हे सगळे चालतात. इंटेलच्या चिपसेटमध्ये ८१०, ८१५, ८४५, ८६५ पर्यंत ड्रायव्हर मिळतात, ९१५ पासून पुढे ९८ साठी ड्रायव्हर शोधण्यात आयुष्य घालवू नका. विंडोज लागेल कदाचित, पण ६४० बाय ४८० मध्ये १६ रंगांत बघत बसाल.

रॅम १२८ ते २५६ एमबी एकदम झकास. ५१२ च्या वर गेलात की त्रास सुरू, १ जीबी लावून तर सेटअपच नखरे करतो. ज्यांना वाटतं रॅम जास्त म्हणजे मशीन फास्ट, त्यांनी ही सवय इथे सोडायची. जास्तीची स्टिक सरळ काढून ड्रॉवरमध्ये ठेवा.

हार्ड डिस्क ४० जीबी किंवा त्याहून लहान घ्या. ८० ची असेल तर भागवता येईल, पण १३७ जीबीच्या वरची अजिबात नको. ९८ च्या मूळ डिस्क ड्रायव्हरला त्याच्या पुढचं मोजताच येत नाही. पुढे लिहायला गेलं की ते फिरून डिस्कच्या सुरुवातीला लिहितं, म्हणजे तुमच्याच फायलींवर. सुरुवातीला सगळं छान चालतं आणि डिस्क भरत आली की एक दिवस सगळं गायब, म्हणून हे जास्त धोकादायक.

इशारा: डिस्कवर जुना डेटा असेल तर आत्ताच दुसऱ्या मशीनला लावून काढून घ्या. विशेषतः जुन्या डीटीपीवाल्यांची मशीनं. त्यात लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंकांची पानं पडलेली असतात आणि 'काही नाही त्यात' म्हणणाऱ्याला फॉरमॅट झाल्यावरच आठवतं.

## २. सामान गोळा करा, मग बसा

अर्ध्यात उठून सामान शोधायला गेलात की क्रम चुकतो. एवढं हाताशी हवं:

- ९८ एसईची सीडी आणि २५ अक्षरांची की. की बऱ्याचदा कॅबिनेटला चिकटवलेल्या स्टिकरवर असते, पुसट असेल तर मोबाइलने फोटो काढून झूम करा. ही काही फुकट वाटलेली सिस्टीम नाही, की लागतेच, पण ऑनलाइन अ‍ॅक्टिव्हेशन वगैरे भानगड नाही.
- ९८ ची स्टार्टअप फ्लॉपी, शक्यतो दोन. सगळ्या सीडी बूट होत नाहीत, अपग्रेडची सीडी तर नाहीच.
- सगळे ड्रायव्हर एका सीडीवर लिहून: चिपसेट, ग्राफिक्स, साउंड, लॅन, यूएसबी.
- सीआर २०३२ सेल, घड्याळवाल्याकडे मिळतो.
- चांगली आयडीई केबल (डिस्क बोर्डाला जोडणारी चपटी पट्टी), ८० तारांची.
- खोडरबर. हो, शाळेतलं.

ड्रायव्हरच्या सीडीबद्दल दोन गोष्टी, कारण इथे लोक हमखास फसतात. पहिली, ती डीव्हीडीवर लिहू नका, जुना सीडी ड्राइव्ह डीव्हीडी वाचत नाही हे मला स्वतःला एकदा अर्धा तास ड्राइव्ह साफ केल्यावर आठवलं होतं. पुन्हा लिहिता येणारी सीडीही नको, साधी एकदाच लिहायची सीडी, आणि कमी स्पीडवर लिहा. दुसरी, फोल्डरची नावं आठ अक्षरांच्या आत आणि मध्ये स्पेस न ठेवता द्या. डॉसमध्ये (नुसत्या कमांडवाल्या काळ्या स्क्रीनवर) गेल्यावर लांब नावं तुटून दिसतात आणि मग कुठलं काय ते कळत नाही.

पेनड्राइव्हवर विसंबू नका. ताज्या ९८ ला पेनड्राइव्ह म्हणजे काय हेच माहीत नसतं.

मुंबई-कोकणातल्या दमट हवेत पडलेल्या फ्लॉपींवर बुरशी धरलेली असते. शटर सरकवून आतली काळी चकती बघा, पांढुरके ठिपके असतील तर ती ड्राइव्हमध्ये घालूच नका, हेडला घाण लागते आणि मग पुढची चांगली फ्लॉपीही वाचली जात नाही.

## ३. कॅबिनेट उघडा

वायर काढा, पॉवर बटण एकदा दाबून उरलेला करंट जाऊ द्या, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा, मग आत हात घाला. एसएमपीएस (पॉवर सप्लायचा डबा) आणि जुना डबा मॉनिटर मात्र उघडायचा नाही, बंद असला तरी त्यात झटका शिल्लक असतो.

बोर्डवरचे कपॅसिटर बघा. डोकं सपाट हवं. फुगलेलं किंवा वरून तपकिरी गळलेलं दिसलं तर थांबा. ते बदलल्याशिवाय इन्स्टॉल करण्यात काही अर्थ नाही, सेटअप दर वेळी वेगळ्या ठिकाणी अडकेल आणि तुम्ही सीडीला शिव्या घालाल.

सेल बदला. जुना सेल मेला असेल तर प्रत्येक वेळी वायर काढली की बायोसमधलं सगळं सेटिंग पुसलं जातं, तारीख मागे जाते, आणि हार्ड डिस्क ज्या मोडमध्ये फॉरमॅट केली तो मोडच उद्या बदललेला असू शकतो.

रॅम काढा, सोनेरी पट्टी खोडरबरने हलक्या हाताने घासा, रबराचे कण झटका आणि परत टक आवाज येईपर्यंत बसवा. मशीन चालू केल्यावर लांब बीप वाजत राहिला तर रॅम बसली नाही, एक लांब दोन आखूड वाजले तर बहुतेक बोर्डांवर ग्राफिक्स कार्डाचा घोळ.

आता केबल. आयडीईची लाल कड पिन एककडे. ८० तारांच्या केबलचं निळं टोक बोर्डात, काळं टोक हार्ड डिस्कला, मधलं राखाडी दुसऱ्या ड्राइव्हला. हार्ड डिस्क पहिल्या चॅनेलवर मास्टर, सीडी ड्राइव्ह दुसऱ्या चॅनेलवर मास्टर, असं वेगवेगळ्या केबलवर ठेवा. एकाच केबलवर लावायचेच असतील तर एक मास्टर एक स्लेव्ह, जंपर हाताने लावा, दोघेही मास्टर ठेवून 'डिस्क दिसत नाही' म्हणू नका. फ्लॉपीची केबल मध्ये पिळलेली असते, ए ड्राइव्ह पिळाच्या पलीकडच्या टोकाला लागतो. फ्लॉपीचा दिवा मशीन चालू केल्यापासून विझतच नसेल तर केबल उलटी बसलीये, दुसरं काही नाही.

आणि या टप्प्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे जास्तीची कार्डं काढणं. साउंड कार्ड, मोडेम, लॅन, टीव्ही ट्यूनर, यूएसबीचं वाढीव कार्ड, सगळं बाहेर. बोर्ड, प्रोसेसर, एक रॅम, ग्राफिक्स, एक डिस्क, सीडी, फ्लॉपी, कीबोर्ड-माउस, बस. लोकांना हे पटत नाही, म्हणतात परत सगळं लावायला लागेल ना. लागेल, पण एकेक लावताना कुठलं कार्ड मशीनला झोपवतंय ते लगेच कळेल, सगळी एकदम लावून सेटअप अडकला तर सहा संशयित आणि पुरावा शून्य.

तपासा: विंडोजच्या आधी मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) चालवा, सीडीवरून किंवा फ्लॉपीवरून. निदान एक पूर्ण फेरी, शक्य असेल तर रात्रभर. एक जरी लाल ओळ आली तर ती स्टिक बाद. मी एकदा तीन रात्री कॅब फाइलच्या एररशी झुंजलो, दोन वेगळ्या सीडी वापरल्या, ड्राइव्ह बदलला, आणि शेवटी निघाली रॅमची एक स्टिक. तेव्हापासून ही पायरी गाळत नाही.

## ४. बायोस

डिलीट किंवा एफ२ दाबून आत जा. आधी डिफॉल्ट सेटिंग लोड करा, म्हणजे आधीच्या मालकाने केलेले उद्योग जातील, मग एवढंच बदला:

१. तारीख-वेळ नीट करा.
२. व्हायरस वॉर्निंग बंद. हे चालू असेल तर सेटअपला बूट सेक्टरमध्ये लिहू देत नाही आणि सेटअप मध्येच गप्प होतो किंवा चित्रविचित्र मेसेज देतो.
३. हार्ड डिस्कचा मोड एलबीए किंवा ऑटो. नॉर्मल नाही. आणि एकदा फॉरमॅट झाल्यावर याला हात लावायचा नाही, नाहीतर तीच डिस्क कोरी दिसायला लागते.
४. 'ओएस सिलेक्ट, डीरॅम ६४ एमबीपेक्षा जास्त' असं काहीतरी दिसेल, तिथे नॉन-ओएस२ ठेवा.
५. प्लग अँड प्ले ओएस: नो. यावर लोक भांडतात, मी नो ठेवतो आणि मला कधी त्रास झालेला नाही.
६. प्रोसेसर ओव्हरक्लॉक केलेला असेल तर मूळ स्पीडवर आणा. नंतर करा काय हौस करायची ती.
७. साटा डिस्क असलेला बोर्ड असेल तर मोड आयडीई किंवा लेगसी किंवा कंपॅटिबल, जे नाव दिलंय ते.
८. बूट क्रम: फ्लॉपी, सीडी, हार्ड डिस्क.

डॉंगलवालं (पोर्टला कुलूप लावून चालणारं) जुनं मराठी डीटीपी सॉफ्टवेअर चालवण्यासाठीच हा खटाटोप करत असाल तर प्रिंटर पोर्टचा मोडही आत्ताच बघून ठेवा. काही डॉंगल ईसीपीवर रुसतात आणि साध्या एसपीपीवर चालतात.

तपासा: सेव्ह करून बाहेर पडल्यावर पहिल्या स्क्रीनवर डिस्कचं नाव आणि साइज बरोबर दिसतेय का? काही जुने बोर्ड ३२ जीबीपेक्षा मोठी डिस्क लावली की तिथेच गोठतात. तसं झालं तर डिस्कच्या मागे साइज कमी दाखवणारा जंपर असतो का ते लेबलवर बघा, नाहीतर लहान डिस्क लावा.

## ५. डिस्क तयार करणं, इथे घाई नको

फ्लॉपीवरून बूट करा, मेनूत पहिला पर्याय, सीडी-रॉम सपोर्टसह. मग 'एफडिस्क', म्हणजे डिस्कचे भाग पाडणारा प्रोग्राम.

पहिलाच प्रश्न येतो मोठ्या डिस्कच्या सपोर्टचा. इथे वाय. एन दाबलं तर फॅट१६ (डिस्कवर फायली मांडायची जुनी पद्धत) मिळतं आणि २ जीबीच्या वर पार्टिशन होत नाही. 'माझी २० जीबीची डिस्क २ जीबीच दिसते' ही तक्रार इथेच जन्माला येते.

आधीचं काही असेल तर ३ नंबरने डिलीट करा, लिनक्स किंवा एक्सपीचं असेल तर ते नॉन-डॉस म्हणून दिसतं, तेही तिथेच डिलीट होतं. मग १ नंबरने प्रायमरी पार्टिशन. ते विचारतं की सगळी जागा वापरून पार्टिशन अ‍ॅक्टिव्ह करू का. वाय म्हटलं तर अ‍ॅक्टिव्ह आपोआप होतं. एन म्हणून स्वतः साइज दिलीत तर अ‍ॅक्टिव्ह होत नाही, ते परत मेनूत येऊन २ नंबरने करावं लागतं. हे विसरणारे इतके आहेत की विचारू नका. सगळं इन्स्टॉल होतं, फायली कॉपी होतात, पहिला रिस्टार्ट होतो आणि काळ्या स्क्रीनवर 'ऑपरेटिंग सिस्टीम सापडत नाही'.

८० जीबीची डिस्क असेल तर सीडीसोबतचं मूळ एफडिस्क तिला जेमतेम दहा-अकरा जीबीची दाखवतं, कारण ६४ जीबीच्या पुढे त्याची मोजणी शून्यावरून परत सुरू होते. डिस्क खराब नाही. मायक्रोसॉफ्टने नंतर सुधारलेलं एफडिस्क काढलं होतं, ते फ्लॉपीवर टाकून घ्या.

एफडिस्कमधून बाहेर पडलात की रिस्टार्ट. न करता फॉरमॅट मारलं तर डॉसला नवीन पार्टिशनची खबरच नसते.

रिस्टार्ट झाल्यावर 'फॉरमॅट सी: /एस'. शेवटचं /एस म्हणजे डिस्कवर डॉस पण टाक.

आता अक्षरांचा गोंधळ. ही फ्लॉपी रॅममध्ये एक छोटा खोटा ड्राइव्ह बनवते आणि त्याला हार्ड डिस्कच्या लगेच पुढचं अक्षर देते. म्हणजे सी तुमची डिस्क, डी हा रॅमवाला आणि सीडी ई वर. लोक डी वर सेटअप शोधतात, सापडत नाही, मग सीडीवर संशय. पार्टिशनच केलेलं नसेल तर तो रॅमवाला सी होऊन बसतो आणि लोक त्यावर विंडोज टाकायला जातात, जागा अपुरी म्हणतं, आणि परत गोंधळ. बूट होताना स्क्रीनवर कुठलं अक्षर कोणाला दिलं ते येतं, ते वाचा, नुसतं पळू देऊ नका.

तपासा: फ्लॉपी काढा, मशीन रिस्टार्ट करा. डिस्कवरून बूट होऊन सी चा प्रॉम्प्ट आला पाहिजे. नाही आला तर पुढे जाऊ नका. मेसेज नॉन-सिस्टीम डिस्कचा असेल तर आधी फ्लॉपी खरंच काढली का बघा, हसू नका, मी पण केलंय. नसेल तर अ‍ॅक्टिव्ह बघा. तेही असेल तर फ्लॉपीवरून 'एफडिस्क /एमबीआर' मारा. एक्सपी किंवा लिनक्सचा जुना बूट लोडर डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये चिकटलेला असतो, तो जातो.

## ६. सीडीवरून नाही, हार्ड डिस्कवरून सेटअप

परत फ्लॉपीवरून बूट करा, आणि:

'एमडी सी:\विन९८'
'ई:\विन९८\स्मार्टड्राइव्ह' (स्पेलिंगमध्ये ड्राइव्हचं फक्त डीआरव्ही आहे)
'कॉपी ई:\विन९८\*.* सी:\विन९८'

स्मार्टड्राइव्ह नाही लावला तर कॉपी आणि सेटअप दोन्ही गोगलगाईच्या वेगाने जातात. कॉपी शंभर-सव्वाशे एमबीची आहे.

हा खटाटोप का? दोन कारणं. सीडी खरचटलेली असेल तर ते इथेच कळतं, डेटा एरर म्हणून, सेटअपच्या मध्यात नाही. आणि पुढे आयुष्यभर ९८ प्रत्येक ड्रायव्हरला 'सीडी घाला' म्हणतं तेव्हा तिला सी वरचं विन९८ फोल्डर दाखवायचं, संपला विषय.

मग सीडी काढून ठेवा आणि 'सी:', 'सीडी \विन९८', 'सेटअप /आयएस'. /आयएस म्हणजे स्कॅनडिस्क टाळ, आत्ताच फॉरमॅट केलंय. डिस्क जुनी असेल आणि खात्री नसेल तर ते लावू नका, होऊ दे तपासणी.

यूपीएस असेल तर लावा. लाइट गेली तरी सेटअप पुढच्या वेळी सेफ रिकव्हरी विचारतो आणि सावरतो बऱ्याचदा, पण विषाची परीक्षा कशाला.

सेटअप हार्डवेअर शोधताना ड्रायव्हर मागेल तिथे कॅन्सल किंवा स्किप. आत्ता काहीही द्यायचं नाही.

### मध्येच गोठला तर

आधी थांबा. खरंच थांबा, जुन्या मशीनवर हार्डवेअर शोधताना पट्टी १० मिनिटं हलली नाही तरी ते मेलेलं नसतं. डिस्कचा दिवा अधूनमधून लुकलुकतोय का बघा.

दिवा पूर्ण विझलाय आणि काहीच नाही, तर पॉवर बंद करा, कंट्रोल-ऑल्ट-डिलीट नाही, रिसेटही नको. दहा सेकंद थांबून चालू करा. सेटअप हार्डवेअर शोधताना डेटक्रॅश.लॉग नावाच्या फाइलमध्ये लिहून ठेवतो की मी आत्ता काय तपासतोय. पॉवर पूर्ण बंद होऊन परत आली की तो ती फाइल बघतो आणि ज्यावर अडकला होता ते टाळून पुढे जातो. दोन-तीन वेळाही करावं लागेल, दर वेळी थोडं पुढे सरकेल. आणि लोक काय करतात, पहिल्यांदा गोठल्यावर सगळं फॉरमॅट करून पहिल्यापासून. मग परत त्याच ठिकाणी गोठतं, कारण आधीची नोंदच पुसली.

चार-पाचदा करूनही एकाच जागी अडत असेल तर सेटअप 'सेटअप /पी आय' असा चालवून बघा, म्हणजे बायोसचं प्लग अँड प्ले तो विचारात घेत नाही.

### मेसेज आला तर कोणाला धरायचं

कॅब फाइल (सेटअपची दाबून भरलेली फाइल) डीकोड होत नाही: सीडीवरून चालवत असाल तर सीडी किंवा ड्राइव्ह. डिस्कवर कॉपी करूनही येत असेल तर रॅम, केबल किंवा ओव्हरक्लॉक. याच क्रमाने बघा.

एसयू००१३: सी ड्राइव्ह फॅट नाहीये, किंवा अ‍ॅक्टिव्ह नाही, किंवा बायोसचा व्हायरस वॉर्निंग चालू. म्हणजे चौथा-पाचवा टप्पा घाईत उरकलाय.

विंडोज सुरू करायला मेमरी अपुरी, आणि मशीनमध्ये आहे १ जीबी: अपुरी नाही, जास्त झालीये. स्टिक काढा. काढता येत नसेल तर डॉसमधून 'एडिट सी:\विंडोज\सिस्टिम.आयएनआय' उघडा, ३८६ईएनएच या नावाच्या भागाखाली 'मॅक्सफिजपेज=२००००' ही ओळ टाका, त्याने विंडोज फक्त ५१२ एमबी वापरते. व्हीकॅश नावाच्या भागाखाली 'मॅक्सफाइलकॅश=३९३२१६' पण टाका. आकडे आणि स्पेलिंग नीट, आणि आकडे टाइप करताना ते इंग्रजी हवेत हे सांगायला नको.

विंडोज प्रोटेक्शन एरर: इथे एका वाक्यात उत्तर नाही. मशीन चालू होताना एफ८ दाबून लॉग्ड पर्याय निवडा, मग बूटलॉग.टीएक्सटी फाइलची शेवटची ओळ बघा, जी फाइल लोड होताना मेलं ती तिथे असते. सेफ मोड (किमान ड्रायव्हरवर चालणारं विंडोज) उघडत असेल तर ड्रायव्हरचा दोष, सेफ मोडही उघडत नसेल तर बहुधा रॅम किंवा बोर्ड.

## ७. डेस्कटॉप दिसला, आता ड्रायव्हर

पासवर्डची चौकट आली तर रिकामी ठेवून ओके. नवीन हार्डवेअर सापडलं म्हणून पाच-सहा विझार्ड उघडतील, सगळ्यांना कॅन्सल. हात शिवशिवतील, पण कॅन्सल.

क्रम असा, आणि प्रत्येकानंतर रिस्टार्ट:

१. चिपसेट. इंटेल असेल तर त्याची आयएनएफ युटिलिटी, व्हीआयए असेल तर ४-इन-१. हे आधी नाही टाकलं आणि ग्राफिक्स टाकलं तर एजीपी (ग्राफिक्स कार्डाचा स्लॉट) नीट चालत नाही, गेम लावला की काळा स्क्रीन. रिस्टार्टनंतर ९८ अर्धं हार्डवेअर परत नव्याने शोधेल आणि फायली मागेल, सी:\विन९८ दाखवा.
२. डायरेक्टएक्स.
३. ग्राफिक्स. नवीनतम ड्रायव्हर म्हणजे सर्वोत्तम नाही. एनव्हिडियाने ९८ साठी ८१.९८ वर काम थांबवलं, एटीआयने कॅटलिस्ट ६.२ वर, पण जुन्या कार्डाला त्याच्याच काळातला ड्रायव्हर जास्त मानवतो.
४. आता मशीन बंद करून साउंड कार्ड लावा, चालू करा, ड्रायव्हर टाका, आवाज बघा.
५. मग तसंच लॅन.
६. शेवटी यूएसबी. पेनड्राइव्हसाठी ९८ एसईचं नेटिव्ह यूएसबी नावाचं ड्रायव्हर पॅक मिळतं. ते टाकण्याआधी डिव्हाइस मॅनेजरमधून पिवळ्या प्रश्नचिन्हाची यूएसबी डिव्हाइसं काढून टाका. पेनड्राइव्ह फॅट३२ हवा, एनटीएफएस दिसणार नाही.

फाइल कॉपी होताना 'तुमच्याकडची फाइल जास्त नवी आहे, ठेवू का' विचारलं तर वाय, नवीच ठेवायची.

नवीन कार्ड लावल्यावर मशीन गोठलं तर सेफ मोडमध्ये जा, डिव्हाइस मॅनेजर उघडा. सेफ मोडमध्ये साधारण मोडमध्ये न दिसणारी भुतंही दिसतात, एकाच कार्डाच्या दोन-तीन नोंदी. त्या कार्डाच्या सगळ्या काढा, रिस्टार्ट करा, एकच परत येईल. तरी जमेना तर कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा, एजीपीच्या अगदी शेजारचा स्लॉट सोडून.

डिस्कचं डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा थेट नेण्याची सोय) चालू करायला विसरू नका: डिव्हाइस मॅनेजर, डिस्क ड्राइव्ह्ज, प्रॉपर्टीज, सेटिंग्ज, तिथे डीएमएवर टिक. याने मशीन एकदम हलकं होतं. टिक केल्यावर बूट होईना तर केबल ४० तारांची असेल किंवा खराब, सेफ मोडमधून टिक काढून आधी केबल बदला.

इशारा: हे मशीन इंटरनेटला लावून ड्रायव्हर शोधू नका. ११ जुलै २००६ पासून याला एकही सुरक्षा अपडेट नाही, आणि सोबतच्या ब्राउझरमध्ये आजच्या साइट उघडतही नाहीत.

मराठीचं म्हणाल तर इथे आजच्यासारखं युनिकोड टायपिंग शोधू नका. जुन्या फाइलींना त्या काळचे त्यांचेच फाँट लागतात, शिवाजी, किरण, श्रीलिपी जे असेल ते, म्हणून जुन्या डिस्कवरून डेटा काढताना फाँटचं फोल्डरही उचला. फाइल आली आणि फाँट नाही आला तर पानभर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल.

## ८. सॉफ्टवेअर टाकायच्या आधी कॉपी काढा

सगळे ड्रायव्हर लागले, पिवळं चिन्ह एकही नाही, दोन-तीनदा नीट बंद-चालू झालं, की तिथेच थांबा. मशीन बंद करून डिस्क काढा, यूएसबी अ‍ॅडॉप्टरने नव्या कॉम्प्युटरला किंवा लिनक्सला लावा आणि पूर्ण डिस्कची इमेज काढून ठेवा. नवं विंडोज 'ही डिस्क इनिशियलाइज करू का, फॉरमॅट करू का' विचारेल, दोन्हीला नाही.

इमेजच्या सोबत एका कागदावर बायोसची सेटिंग, जंपर कसे होते, कुठलं कार्ड कुठल्या स्लॉटमध्ये होतं आणि ड्रायव्हरचे व्हर्जन लिहा, आणि तो कागद कॅबिनेटच्या आतल्या बाजूला सेलोटेपने चिकटवा. डिस्क कधी ना कधी मरणारच आहे, वीस-पंचवीस वर्षांची झालीये ती, तेव्हा तेवढ्याच साइजची दुसरी डिस्क किंवा आयडीई अ‍ॅडॉप्टरमधलं सीएफ कार्ड (जुन्या कॅमेऱ्यांतलं मेमरी कार्ड) घ्या, इमेज त्यावर उतरवा, कागदावर बघून बायोस लावा आणि चालू करा.